सोडलेला जीव, चढलेले व्याज

पिरंगुट मागे टाकून रस्ता उरवड्याकडे वळला की कारखाने, गोदामे, भातखाचरे आणि सह्याद्रीच्या टेकड्या एकमेकांच्या शेजारी नांदताना दिसतात. मुळशी तालुक्यातील या गावाच्या आसमंतात साळुंकी, शिपाई बुलबुल, गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट आणि मुंगूस हे जीव इतके परिचयाचे आहेत की त्यांच्याकडे मुद्दाम वळून पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. साळुंकी शेतातील किडे टिपते, बुलबुल कुंपणावर गातो आणि मुंगूस वाटेत दिसले तर ग्रामीण भागात आजही तो शुभशकुन समजतात. येथील निसर्गाच्या खातेवहीत या साऱ्यांच्या नावे जमाच अधिक आहे.

परंतु हेच जीव, वा त्यांचे अगदी जवळचे भाऊबंद, समुद्रापलीकडील काही बेटांवर गुन्हेगार ठरले आहेत. तेथील शासन त्यांना पकडण्यासाठी सापळे लावते, अभ्यासक त्यांच्या नावे झालेल्या हानीची यादी करतात आणि त्या बेटांचे मूळचे रहिवासी असलेले पक्षी व सरडे त्यांच्यामुळे नामशेष होण्याच्या काठावर येऊन पोहोचतात. एकच जीव एका भूमीवर उपकारक आणि दुसऱ्या भूमीवर घातक कसा ठरतो, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. त्यात मालाची ने-आण करणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब गुंतलेला आहे आणि जीवदयेला धर्म मानणाऱ्या समाजापुढचे एक कठीण कोडेही त्यात आहे.

मराठी माणसांचे दूरचे बेट

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मॉरिशसचे आहे. मराठी वाचकाला हे बेट पूर्णतः परके नाही. १८३४ पासून ऊसमळ्यांवर काम करण्यासाठी करारबद्ध मजूर म्हणून भारतातून जे लाखो लोक तेथे गेले, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा आणि गणेशोत्सव जपला. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

माणसांच्या आधी आणि माणसांच्या सोबत अनेक पशुपक्षीही या बेटावर उतरले. त्यांची नोंद मात्र कोणत्याही धक्क्यावर झाली नाही.

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण एक-अष्टमांश. ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेली ही भूमी कोणत्याही खंडाला कधीच जोडलेली नव्हती. त्यामुळे तेथे पोहोचू शकले ते केवळ उडणारे, तरंगणारे किंवा वाऱ्यावर वाहून येणारे जीव. वटवाघळे सोडली तर त्या बेटावर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर नाही, उंदीर नाही, कोल्हा नाही, माकड नाही. अशा निर्भय जागी लक्षावधी वर्षे राहिलेल्या काही पक्ष्यांना उडण्याची गरज उरली नाही, जमिनीवर घरटे करण्यात धोका राहिला नाही आणि शत्रूची चाहूल घेण्याची सवयही लोपली. ज्या गावात चोरीच होत नाही, तेथे कुलपे तयार होत नाहीत. बेटावरील जीवसृष्टीचे दौर्बल्य नेमके येथे असते.

त्या बेटावरील डोडो या पक्ष्याचे नाव मूर्खपणाला समानार्थी म्हणून रूढ झाले, तो त्याच्यावर झालेला अन्याय होय. १५९८ मध्ये डच खलाशी बेटावर उतरले आणि १६६२ नंतर डोडो जिवंत दिसल्याची सर्वमान्य नोंद नाही. अवघ्या ६४ वर्षांत एक संपूर्ण प्रजाती संपली. खलाशांनी शिकार केली हे खरे. परंतु बेटावर माणसे फार थोडी होती. अधिक मोठा घाव घातला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, मोकाट सोडलेल्या डुकरांनी आणि बाहेरून आणलेल्या माकडांनी. डोडोचे घरटे जमिनीवर असे. ते शोधणे व त्यातील अंडे फस्त करणे या प्राण्यांना सहज साधले.

सद्हेतूने आणलेले पाहुणे

उंदीर चोरून आले. साळुंकीला मात्र निमंत्रण होते. १७६२ मध्ये, बेट फ्रेंचांच्या ताब्यात असताना, पिकांवर पडणाऱ्या टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. एका प्राण्याकरवी दुसऱ्याचा बंदोबस्त करण्याच्या आधुनिक प्रयत्नांपैकी हा सर्वांत जुन्या प्रयत्नांत मोजला जातो. टोळ कमी झाले म्हणून प्रयोग यशस्वी ठरला आणि पुढे जगाच्या अनेक बेटांवर साळुंकी पोहोचली. काम संपल्यावर परत जाण्याची अट तिच्या करारात नव्हती. ढोलीत घरटे करणारा हा धीट पक्षी झाडांच्या ढोल्या बळकावू लागला. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींची जी यादी केली, तिच्यात आपली साळुंकी आहे आणि लहान भारतीय मुंगूसही आहे.

शिपाई बुलबुलाची कथा याहून साधी आहे. डोक्यावरचा तुरा, गालावरचा लाल ठिपका आणि गोड आवाज यांमुळे तो पिंजऱ्यात पाळला जाई. १८९२ च्या सुमारास तो मॉरिशसमध्ये मोकळा झाला आणि थोड्याच वर्षांत बेटभर पसरला. त्याचा उपद्रव थेट मारण्याचा नाही. तो फळे खातो आणि बिया दूरवर टाकतो. बेटावर चिनी पेरूसारखी परदेशी झुडपे आधीच आली होती. तांबड्या, आंबटगोड फळांची ही झाडे तेथील लोकांना प्रिय आहेत. हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे पेरू गोळा करावयास रानात जातात. परंतु या झाडांनी दाट जाळी करून मूळच्या वृक्षांच्या रोपांना उजेडच उरू दिलेला नाही. परदेशी पक्षी, परदेशी माकडे आणि परदेशी हरणे परदेशी झाडाची फळे खातात व त्याच्याच बिया पेरतात. एक पाहुणा दुसऱ्याचा जामीन राहतो तसा हा व्यवहार आहे. परिणामी मॉरिशसवर चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

कंठीवाला पोपटही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यातून सुटून तेथे स्थिरावला. त्या बेटाचा स्वतःचा एक पोपट आहे, ‘एको’ नावाचा, दिसावयास याच्यासारखाच. दोघांनाही घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. जंगल तुटल्यामुळे जुनी झाडे मोजकीच उरली, त्यांतही भाडेकरू वाढले. १९८० च्या दशकात एको पोपटांची संख्या दहा-बाराच्या घरात आली होती.

आणि मग मुंगूस. १९०० मध्ये उंदरांवर उपाय म्हणून लहान भारतीय मुंगूस मॉरिशसमध्ये आणले गेले. महाराष्ट्रात दिसणाऱ्या करड्या मुंगसाचा हा धाकटा भाऊ, मूळचा उत्तर भारताकडचा. तोपर्यंत मुंगसाची कीर्ती दूरवर गेली होती. १८७२ मध्ये जमैकातील एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवून उसाच्या शेतात सोडली होती. आरंभी उंदीर घटले, मळेवाले खूश झाले आणि त्यांचे पाहून हवाई बेटांनीही १८८३ मध्ये मुंगसे नेली. हिशेबात एक बाब राहून गेली. घरउंदीर मुख्यतः रात्री हिंडतो, तर मुंगूस दिवसा शिकार करते. दोघांच्या कामाच्या वेळाच निराळ्या. उंदीर पुरते हाती लागेनात तेव्हा मुंगसाने जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे आणि साप यांच्याकडे मोर्चा वळवला. उंदीरही उरले आणि मुंगूसही.

तीस आणि तीस हजार

मुंगसाच्या व्यवहाराचा सर्वांत स्पष्ट ताळेबंद जपानमध्ये पाहावयास मिळतो. दक्षिण जपानमधील अमामी ओशिमा या बेटावर हाबू नावाचा विषारी साप आहे. त्याच्या दंशाची भीती कमी व्हावी म्हणून १९७९ च्या सुमारास तेथे सुमारे ३० मुंगसे सोडली गेली. सोडणाऱ्यांचा हेतू माणसांचे प्राण वाचवण्याचा होता. येथेही तीच चूक झाली: हाबू रात्री बाहेर पडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसाला सापडला तो अमामीचा काळा ससा. आखूड कानांचा, संथ चालीचा हा पुरातन ससा अमामी आणि शेजारचे एक बेट सोडून जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही.

२००० च्या सुमारास मुंगसांची संख्या १०,००० च्या घरात गेली असा अंदाज आहे. मग सापळे आले, कॅमेरे आले, वासावरून माग काढणारी कुत्री आली आणि पगारी पथक आले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर केले. तोपर्यंत ३०,००० हून अधिक मुंगसांचा जीव गेला होता. ससे आता पुन्हा वाढत आहेत आणि निसर्गरक्षणाच्या दृष्टीने हे मोठे यश मानले जाते.

जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. एके दिवशी ३० जीव सोडले. ४५ वर्षांनी ३०,००० जीव मारून खाते बंद झाले. मधल्या काळात जे ससे, पक्षी आणि बेडूक मुंगसांच्या तोंडी गेले, त्यांची तर मोजदादच नाही. सावकारी व्याजाचा कोणताही दर या चक्रवाढीपुढे फिका पडेल. आणि या कर्जाची विशेषता अशी की ते काढणारा एक, आणि फेडणारे दुसरेच असतात.

अहिंसेपुढचे कोडे

येथे जैन वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. सशाला वाचवण्यासाठी मुंगसाला मारणे योग्य म्हणावे काय? मुंगसाने काय अपराध केला? ते आपल्या पायांनी समुद्र ओलांडून गेले नव्हते. भूक लागल्यावर समोर आलेले खाणे हा त्याचा स्वभाव आहे. त्या प्रश्नाला सोपे उत्तर नाही आणि सोपे उत्तर देण्याचा आव आणूही नये. संवर्धनाच्या मोहिमांत हजारो जीव मारले जातात, ही वस्तुस्थिती आहे. मारले नाही तर एखादी प्रजाती कायमची संपते, हीदेखील वस्तुस्थिती आहे. एकदा परका जीव बेटावर रुजला की पुढचा प्रत्येक मार्ग हिंसेतूनच जातो: हात उचलला तर आपल्या हातून, न उचलला तर आपल्या देखत.

म्हणून अहिंसेचे खरे स्थान या कथेच्या शेवटी नसून आरंभी आहे. परंपरेने ‘जयणा’ हा शब्द दिला आहे: प्रत्येक कृती सावधपणे, तिच्यामुळे कोणत्या जीवाला बाधा पोहोचेल याचे भान ठेवून करणे. पाणी गाळून पिण्यामागे आणि धान्य निवडून घेण्यामागे हेच भान आहे. जहाजात धान्य भरताना, पिंजऱ्याचे दार उघडताना आणि शेतात नवी जात आणताना हे भान राखले असते, तर १८७२, १९०० आणि १९७९ या तिन्ही साली व्यवहारच झाला नसता आणि नंतर कोणाला सापळाही लावावा लागला नसता. प्रतिबंध हा या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त उपाय आहेच. तो एकमेव निर्दोष उपायही आहे.

मॉरिशसने उशिरा का होईना, पुष्कळ कर्ज फेडले आहे. तेथील लहान ससाणा १९७४ मध्ये रानात केवळ चार उरला होता. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास होती. वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून पिल्ले वाढवली, लाकडी पेट्यांची घरटी टांगली, पूरक अन्न दिले, घरट्यांभोवती उंदरांपासून संरक्षण उभारले. आज गुलाबी कबुतरे आणि एको पोपट शेकडोंच्या संख्येत आहेत. ससाण्याचा वंशही सावरला, जरी त्याच्यावरील संकट पुरते टळलेले नाही. काही राखीव तुकड्यांना कुंपणे घालून त्यांतील चिनी पेरू हातांनी उपटला जातो आणि तो पुन्हा उगवतो म्हणून पुनःपुन्हा उपटला जातो. राउंड आयलंड या लहानशा बेटावरून १९७९ मध्ये शेवटच्या शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यावर मूळची झाडे पुन्हा फुटू लागली. मात्र तेथील जमिनीत राहणारा एक बिनविषारी साप १९७५ नंतर कोणाला दिसला नाही. त्याच्यापुरता उपाय उशिरा पोहोचला.

या सर्व प्रयत्नांत एक उपाय विशेष सुखावणारा आहे. मॉरिशसची महाकाय कासवे नामशेष झाल्यामुळे काही झाडांच्या बिया पसरवणारे कोणी उरले नव्हते. म्हणून २००० मध्ये एग्रेट या छोट्या बेटावर अल्डाब्रा बेटांवरील कासवे आणून सोडली गेली. त्यांनी आबनुसाची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या भाऊबंदाची, फळे खाल्ली आणि बिया बेटभर पेरल्या. हाही बाहेरचाच जीव. परंतु तो आणण्यापूर्वी त्याचा आहार, त्याची वाढीची गती आणि गरज पडल्यास त्याला परत उचलता येईल काय, याचा विचार झाला होता. संथ चालणारे कासव लपून बसत नाही. विचारपूर्वक दिलेले कर्ज आणि भिडेखातर दिलेले कर्ज यांत जो फरक असतो, तोच येथे आहे.

भारताची बेटे, उरवड्याच्या टेकड्या

हा प्रश्न परदेशापुरता मर्यादित नाही. अंदमानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी शिकारीसाठी चितळ नेले. तेथे वाघ वा बिबटे नसल्यामुळे चितळ वाढले, पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेले. जेथे ते फार झाले तेथे जंगलाच्या तळातील झुडपे विरळ झाली आणि त्या झुडपांच्या आश्रयाने राहणारे सरडे घटले. अलीकडच्या काळात मुख्य भूमीवरील मोठा बेडूकही तेथे पसरला आहे. मत्स्यबीजाबरोबर त्याची पिल्ले गेली असावीत असे अभ्यासक मानतात. त्याची पिल्ले स्थानिक बेडकांची पिल्ले खातात.

बेट म्हणजे केवळ पाण्याने वेढलेली जमीन, असेही नाही. मुळशी परिसरातील देवराया शेती, रस्ते आणि बांधकामे यांनी वेढलेली हिरवी बेटेच आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल दाखवून दिले. सह्याद्रीतील नद्यांची खोरीही माशांच्या दृष्टीने बेटेच होत, कारण एका खोऱ्यातील मासा डोंगर चढून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकत नाही. म्हणून घाटातील ओढ्यांत असे कित्येक मासे आहेत जे जगात अन्यत्र नाहीत.

या बेटांवर पाहुणे उलट दिशेने आले. घाणेरी अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत आली आणि आज सह्याद्रीच्या उतारांवर तिची जाळी माजली आहे. तिची फळे खाऊन बिया पसरवणाऱ्यांत आपला बुलबुल पुढे आहे. मॉरिशसमध्ये तो जे करतो तेच तो येथेही करतो. रानमोडीही अमेरिकेतलीच. गाजर गवताने भारतातील वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. आयात गव्हाबरोबर ते पसरले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ हे नाव लोकांनी त्याला दिले. जनावरे ते खात नाहीत, अनेकांना त्याने त्वचेचे व श्वासाचे विकार होतात. टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलेल्या ग्लिरिसिडियाचाही उल्लेख हवा. भातखाचराच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी तो उपयोगी आहे. टेकडीवर मात्र त्याची एकसुरी दाटी झाली की मूळचे गवत आणि त्यावर जगणारे जीव यांना जागा राहत नाही.

पाण्यातही तेच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गांबुशिया आणि गप्पी हे अमेरिकेकडचे मासे गेल्या शतकात भारतात आणले गेले. १९५२ मध्ये आफ्रिकेकडील चिलापी आला. आफ्रिकन मांगूर या अतिशय खादाड माशावर बंदी असूनही त्याची पैदास चालूच राहिली. बंद टाकीतील गप्पी आणि वाहत्या ओढ्यातील गप्पी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. टाकीला सीमा असते, ओढा नदीला मिळतो.

याचा अर्थ बाहेरून आलेले सारे वाईट, असा मात्र नाही. मिरची, टोमॅटो, पपई, सीताफळ आणि भुईमूग हे सर्व अमेरिकेतून आलेले. आज त्यांच्याविना मराठी स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने काम करणाऱ्या जैवविविधता मंचाने २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार माणसाने जगभर इकडून तिकडे नेऊन रुजवलेल्या प्रजाती ३७,००० हून अधिक आहेत आणि त्यांपैकी घातक ठरलेल्या ३,५०० हून अधिक. म्हणजे दहांत एक. परंतु एका बुडीत खात्याने दहा चांगल्या खात्यांचा नफा गिळावा, तसे या दहाव्या हिश्शाचे आहे. आजवर नामशेष झालेल्या प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या विनाशात आक्रमक परकीय प्रजातींचा वाटा होता; आणि मुख्यतः त्यांच्यामुळे झालेल्या विनाशांपैकी ९० टक्के बेटांवर झाले. आर्थिक हानी २०१९ मध्ये वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होती. या रकमेत प्रतिबंध आणि बंदोबस्त यांवरील खर्च केवळ ८ टक्के. उरलेले ९२ टक्के म्हणजे निव्वळ नुकसान. विम्याचा हप्ता चुकवून आगीची भरपाई स्वतःच्या खिशातून देणारा व्यापारी शहाणा म्हणवला जात नाही.

व्यापारी घराने काय पाहावे

आक्रमक प्रजातींचा इतिहास हा बहुतांशी मालवाहतुकीचा इतिहास आहे. उंदीर धान्याच्या पोत्यांतून गेले. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून एक साप पोहोचला आणि काही दशकांत तेथील बहुतेक सर्व मूळ रानपक्षी नाहीसे झाले. भारतीय गोदामांत ठाऊक असलेला खपरा हा धान्यातील किडा आज जगातील अनेक देशांच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक आहे. म्हणूनच निर्यातीच्या धान्याची कसून तपासणी होते. ती अडवणूक वाटली तरी तिच्यामागे हा सारा अनुभव आहे.

निर्यात-आयात करणाऱ्या घरांना लाकडी पॅलेटवरील गव्हाच्या लोंबीचा शिक्का परिचित असेल. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता ३० मिनिटे दिली गेली अथवा मान्य पद्धतीने धुरी दिली गेली, याची ती खूण असते. काही रुपये वाचवण्यासाठी बिनशिक्क्याची पॅलेट वापरणे, किंवा धुरीचा दाखला नुसता कागदोपत्री मिळवणे, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना परदेशचा परवाना देणे होय. उरवडे-पिरंगुट पट्ट्यात ज्यांची गोदामे आहेत, त्यांनी आलेल्या मालाबरोबरचे गवत, माती आणि बिया आवाराबाहेर टेकडीच्या बाजूस झाडून टाकू नयेत, इतके साधे पथ्यही मोलाचे आहे.

ज्यांनी मुळशीकडे शेतघर घेतले आहे, त्यांनी बागेसाठी झाड निवडताना ते शेजारच्या रानात आपोआप पसरते काय, हा प्रश्न रोपवाटिकेत अवश्य विचारावा. आंबा, जांभूळ, करंज, बहावा, पळस, कांचन ही येथलीच मंडळी शोभेतही उणी नाहीत.

आणि शेवटचा, सर्वांत नाजूक विषय जीव सोडण्याचा. घरातील काचपेटीतले मासे अथवा लाल कानाचे परदेशी कासव मोठे झाले की ते नदीत किंवा तळ्यात सोडावे, म्हणजे त्यास अभय मिळेल, अशी अनेकांची भावना असते. त्याच भावनेने बाजारातून पक्षी विकत घेऊन मोकळे केले जातात. भावना शुद्ध आहे, परिणाम तसा नाही. परके कासव स्थानिक कासवांचे अन्न व जागा घेते आणि आपल्याबरोबर रोगही नेते. विकत घेतलेल्या पक्ष्याच्या जागी पारधी दुसऱ्या दिवशी दुसरा पकडतो. शिवाय भारतीय रानपक्ष्यांची अशी विक्री कायद्याने गुन्हा आहे. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, विक्री व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकारही केंद्र सरकारला मिळाले आहेत. पाळलेला जीव सांभाळवत नसेल तर तो सांभाळू शकणाऱ्या घरी, जाणत्या प्राणिमित्र संस्थेकडे किंवा वनखात्याकडे सोपवावा. आणि त्याहून उत्तम म्हणजे असा जीव हौसेने विकत न घेणे. ज्या समाजाने पांजरपोळ उभारून मुक्या जनावरांची आयुष्यभराची जबाबदारी पत्करली, त्यास ‘सोडणे’ आणि ‘सांभाळणे’ यांतील अंतर नव्याने सांगावे लागू नये.

कोणतेही कर्ज मंजूर करण्यापूर्वी फेड कोण करणार, कशातून करणार आणि न झाल्यास तारण काय, हे पाहण्याची रीत आहे. एखादा जीव त्याच्या भूमीवरून दुसऱ्या भूमीवर नेताना तारण म्हणून गहाण पडतात ते तेथले मुके रहिवासी. त्यांची संमती घेण्याचा कोणताही मार्ग नसल्यामुळे, त्यांच्या वतीने नकार देण्याची जबाबदारी पिंजऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसावरच येते.